वीस ग्रॅम पांढरी पूड: कृत्रिम अमली पदार्थ प्रयोगशाळेत कसे ओळखायचे

बडोद्यातल्या रावपुऱ्यात कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत २० ग्रॅम पांढरी पूड सापडली, असं धरून चालू. पंचनाम्यात आणि रवानगी नोंदीत पोलीस लिहितात, ‘एमडी’. गुजरातेत आणि मुंबईत रस्त्यावर एमडी म्हणजे बहुतेक वेळा मेफेड्रोन. पण एमडीएमए या वेगळ्या पदार्थालाही लोक एमडीच म्हणतात, आणि एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या तक्त्यात या दोघांत मोठं अंतर आहे. मेफेड्रोनची कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे व्यापारी मात्रा, ५० ग्रॅम, एमडीएमएची १० ग्रॅम. तीच २० ग्रॅम पूड मेफेड्रोन निघाली, तर कलम २२ प्रमाणे जास्तीत जास्त १० वर्षं. एमडीएमए निघाली, तर कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २०, शिवाय कलम ३७ मुळे जामीनही दुरापास्त. हा सगळा फरक ठरतो तो विश्लेषकाच्या टेबलावर.

बडोद्याला हा विषय लांबचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात एटीएसने सावली तालुक्यातल्या मोक्सी गावच्या कारखान्यावर छापा घालून सुमारे २२५ किलो मेफेड्रोन पकडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सिंधरोटलाही असाच कारखाना सापडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीत एनसीबी आणि गुजरात एटीएसने मिळून ९०७ किलो मेफेड्रोन जप्त केलं. नंदेसरीसारख्या वसाहती हाकेच्या अंतरावर असताना असे नमुने येत राहणार. सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्र करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे वळणारी मराठी मुलं-मुलीही आता बरीच आहेत. पुढची सगळी मांडणी त्यांच्यासाठी. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात या अहवालांवर उलटतपासणी घेणाऱ्या वकिलांनी वाचलं तरी हरकत नाही.

पाकीट उघडण्याआधी

बरेच खटले रसायनावर लढले जात नाहीत, मोहोरेवर लढले जातात. म्हणून पहिलं काम लाखेवरचा ठसा पाहायचं. सोबत आलेल्या नमुना मोहोरेशी तो जुळतो का, दोरा अखंड आहे का, पाकिटावरचा गुन्हा क्रमांक, नमुन्याचं चिन्ह आणि रवानगी नोंद यांत एकच मजकूर आहे का, हे तपासा. फोटो काढा, मापपट्टी ठेवून. काही जुळत नसेल तर पाकीट उघडू नका. वरिष्ठांना दाखवा, लेखी नोंद करा, पोलीस ठाण्याकडून खुलासा मागवा. ‘बहुधा लिहिताना चुकलं असेल’ असं मनाशी म्हणून पुढे जाण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

डिसेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले जातात, प्रत्येक नमुना दोन प्रतींत. अफू, गांजा, चरस यांचे किमान २४ ग्रॅम, बाकी पदार्थांचे किमान ५ ग्रॅम. प्रयोगशाळेने अहवाल १५ दिवसांत द्यायचा. प्रमाण मोजायला जास्त वेळ लागणार असेल, तर पदार्थ कोणता एवढं तरी त्या मुदतीत कळवायचं आणि प्रमाणाचा आकडा त्यापुढच्या १५ दिवसांत. घाई होते ती इथेच, आणि घाईत पहिला बळी जातो तो ब्लँकचा, म्हणजे नमुना न घालता घेतलेल्या कोऱ्या चाचणीचा. त्याबद्दल पुढे येईलच.

पाकीट फ्युम हूडमध्ये किंवा बंद वजनकक्षात उघडा. नायट्राइलचे हातमोजे, मास्क, चष्मा. पूड मेफेड्रोन असल्याचं कागदावर लिहिलंय म्हणून ती तीच असेल असं नाही. फेंटानिलच्या जातकुळीतले पदार्थ मिलिग्रॅमच्याही खालच्या मात्रेत जीव घेऊ शकतात. वास घेऊन पाहणं तर सरळ वर्ज्य.

वजन आणि उपनमुना

तराजूची रोजची तपासणी प्रमाणित वजनांनी करून तिची नोंद ठेवा. आधी पाकिटासकट वजन, मग नुसत्या पुडीचं. पोलिसांच्या आकड्यापेक्षा तुमचा आकडा थोडा वेगळा येणारच. त्यांचा तराजू वेगळा असतो, प्लास्टिकला पूड चिकटते, काही क्षार हवेतली ओल ओढतात. जो आकडा आला तोच लिहा. जुळवून लिहिलेला आकडा साक्षीत सगळ्यात आधी उघडा पडतो.

पूड असेल तर खलात हलक्या हाताने एकजीव करा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग घ्या, पुन्हा तेच. खडे असतील तर खडे आणि भुकटी वेगळ्या तपासा, कारण भेसळ बहुतेकदा भुकटीत असते. गोळ्या असतील तर आधी रंग, शिक्का, आकार आणि वजन यांवरून गट पाडा. एका गटात दहापेक्षा कमी गोळ्या असतील तर सगळ्या तपासा, १० ते १०० असतील तर १०, त्यापुढे एकूण संख्येचं वर्गमूळ. ४०० गोळ्यांच्या २०. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाच्या मार्गदर्शिकेतला हा एक साधा नियम. मोठ्या जप्तीत हायपरजिओमेट्रिक (संभाव्यतेचं) गणित जास्त पक्कं. त्यातून ‘इतक्या खात्रीने किमान इतक्या टक्के गोळ्यांत हा पदार्थ आहे’ असं सांगता येतं, आणि कोर्टापुढे असं विधान वर्गमुळापेक्षा अधिक टिकतं.

रंगचाचणी

पांढऱ्या चिनी मातीच्या खळग्यांच्या पट्टीत तीन खळगे घ्या: एकात फक्त अभिकर्मक, दुसऱ्यात ओळखीचा प्रमाण पदार्थ (रेफरन्स स्टँडर्ड), तिसऱ्यात चिमूटभर नमुना. तिन्ही एकाच वेळी. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे दिसतं ते लिहा. नंतर सल्फ्युरिक आम्लाने बऱ्याच गोष्टी आपोआप काळवंडतात.

मार्क्विस अभिकर्मकाने एमडीएमए जांभळट काळा होतो, मेथॅम्फेटामिन नारिंगी होऊन तपकिरीकडे जातं, आणि मेफेड्रोन जवळजवळ काहीच करत नाही, फार तर फिकट पिवळी छटा. आपल्या २० ग्रॅमच्या प्रश्नासाठी ही चाचणी म्हणूनच कामाची. पण सावध राहा: मेफेड्रोनमध्ये थोडा एमडीएमए मिसळलेला असेल तर काळा रंग सगळं झाकून टाकतो. झिमरमन चाचणीत मेफेड्रोन लालसर जांभळा रंग देतं. सायमनची चाचणी मेथॅम्फेटामिन आणि एमडीएमएसाठी निळी येते, अ‍ॅम्फेटामिनसाठी येत नाही. मेफेड्रोनच्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवू नका. एलएसडीच्या कागदी तुकड्यासाठी अर्लिश अभिकर्मकाचा जांभळा रंग, आणि त्याआधी दीर्घ लहरींच्या अतिनील दिव्याखाली निळसर चमक.

रंगचाचणीने संशयाला दिशा मिळते, पुरावा होत नाही. जप्तीच्या जागी पोलीस वापरतात त्या किटमध्येही हीच रसायनं असतात. म्हणून किटचा निकाल आणि तुमची रंगचाचणी हे दोन वेगळे पुरावे समजू नका.

एफटीआयआर आधी, द्रावण नंतर

बऱ्याच प्रयोगशाळांत रंगचाचणीनंतर थेट जीसी-एमएसकडे, म्हणजे पदार्थ वेगळे करून त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राकडे, धाव घेतात. माझं मत वेगळं आहे. एफटीआयआर यंत्रातल्या हिऱ्याच्या एटीआर खिडकीवर एक-दोन मिलिग्रॅम पूड दाबून घेतलेला अवरक्त वर्णपट नमुना खर्च न करता, दोन मिनिटांत, घनरूपातली माहिती देतो. द्रावण केलं की ही माहिती गेली.

मेफेड्रोन कॅथिनोन गटातलं, म्हणजे त्याच्यात कीटोन आहे. १६९० सेंमी⁻¹ च्या आसपास ठळक कार्बोनिल पट्टा दिसलाच पाहिजे. एमडीएमएत कार्बोनिल नाही. तिथे मेथिलीनडायऑक्सी गटाचे पट्टे साधारण १२५०, १०४० आणि ९३० ला सापडतात. २४०० ते २८०० मधली रुंद, खडबडीत पट्टी दिसली तर पदार्थ क्षाररूपात आहे, बहुधा हायड्रोक्लोराइड. २० ग्रॅमचा अर्धा निकाल इथेच लागलेला असतो.

अडचण मिश्रणाची. कॅफिन, पॅरासिटामॉल, लिडोकेन, साखर यांपैकी काही मिसळलेलं असेल तर पट्टे एकमेकांवर चढतात. शिवाय मेफेड्रोन हायड्रोक्लोराइड एकापेक्षा जास्त स्फटिकरूपांत येतं, त्यामुळे शुद्ध नमुन्याचाही वर्णपट प्रमाण पदार्थाशी शंभर टक्के जुळेलच असं नाही. तसं झालं तर नमुना आणि प्रमाण दोन्ही एकाच द्रावकात विरघळवून, सुकवून पुन्हा तपासा.

टीएलसीला हलकं लेखू नका

यंत्र बंद पडलं, हेलियमचं सिलिंडर वेळेत आलं नाही, तरी टीएलसी, म्हणजे पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी, चालते. सिलिका जेलची पट्टी, मिथेनॉल आणि अमोनियाचं १०० : १.५ मिश्रण. शेजारीशेजारी तीन ठिपके: नमुना, प्रमाण, आणि दोन्ही एकाच जागी. तिसऱ्या ठिपक्यात एकच गोल डाग उमटला तर ठीक, किंचित दोन तुकडे दिसले तर पदार्थ वेगळे. आधी २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघा, मग आम्लयुक्त आयोडोप्लॅटिनेट फवारा. पट्टीचा फोटो त्याच वेळी काढा, रंग टिकत नाहीत.

जीसी-एमएस: इथे थांबायचं

आता मुख्य मुद्दा. जीसी-एमएसच्या पडद्यावर लायब्ररी एक नाव आणि त्यापुढे ९५ किंवा ९७ असा जुळणीचा आकडा दाखवते. नव्या माणसाला तो आकडा खात्रीचा वाटतो. खरं तर यंत्राने एवढंच सांगितलेलं असतं की माझ्याकडच्या चित्रांपैकी हे चित्र जवळचं आहे.

मेफेड्रोनचा ७० इलेक्ट्रॉनव्होल्टला घेतलेला वस्तुमान वर्णपट पाहा; त्यातल्या रेघेचा आकडा म्हणजे रेणूच्या तुकड्याचं वस्तुमान. सगळ्यात उंच रेघ ५८ वर. मग ११९, ९१ वगैरे छोट्या रेघा. १७७ चा मूळ आयन बहुतेकदा दिसतच नाही. ही ५८ ची रेघ नायट्रोजनशेजारचा बंध तुटून तयार होते, आणि ती मेथॅम्फेटामिनमध्ये आहे, एमडीएमएत आहे, किती तरी कॅथिनोनमध्ये आहे. बडोद्याच्या मांडवीत उभं राहून ‘अहो गायकवाड’ अशी हाक मारली तर किती माना वळतील, तेवढाच ५८ चा उपयोग. घराणं कळतं, माणूस नाही.

म्हणून नजर छोट्या रेघांवर हवी. मेफेड्रोनला ११९, एमडीएमएला १३५ आणि ७७, मेथॅम्फेटामिनला ९१. सोपं वाटतं ना? आता मेथेड्रोन घ्या. कॅथिनोनच, पण वलयावर मिथॉक्सी गट. त्याचं रेणुसूत्र एमडीएमएचंच: ११ कार्बन, १५ हायड्रोजन, १ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. वस्तुमान १९३. तुकडे ५८, १३५, ७७. एवढंच काय, १३५ च्या तुकड्याचं सूत्रही दोघांत एकच, त्यामुळे महागडं उच्च-विभेदन यंत्रसुद्धा तो तुकडा पाहून दोघांना वेगळं करू शकत नाही. वेगळं करतो तो वर पाहिलेला कार्बोनिल पट्टा, जीसीच्या स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ, किंवा एलसी-एमएस (वायूऐवजी द्रवाने पदार्थ वेगळे करणारं तसंच यंत्र). एलसी-एमएसमध्ये १९४ च्या आयनातून मेथेड्रोन पाणी टाकून १७६ वर येतं, तर एमडीएमए मेथिलअमाइन टाकून १६३ वर. एफटीआयआर आधी करा असं मी का म्हणतो, ते इथे कळावं.

त्याहून त्रासदायक म्हणजे मेफेड्रोनची भावंडं. मेफेड्रोनमध्ये वलयावरचा मेथिल गट चौथ्या स्थानी असतो. तोच तिसऱ्या स्थानी गेला की ३-एमएमसी, दुसऱ्या स्थानी गेला की २-एमएमसी. वस्तुमान एक, वर्णपट जवळजवळ एक, लायब्ररीचा आकडाही तिघांना नव्वदीच्या पुढचा. बुफेड्रोन आणि एथकॅथिनोन यांचंही रेणुसूत्र हेच, पण त्यांची उंच रेघ ७२ वर असल्याने ती लगेच बाजूला पडतात. तीन एमएमसींसाठी मात्र मेहनत लागते. तिन्हींचे प्रमाण पदार्थ हाताशी ठेवा, संथ तापमानवाढीवर चालवा आणि बाहेर पडण्याची वेळ ताडून बघा. ५ टक्के फिनाइलच्या ३० मीटर स्तंभावर ते फार जवळजवळ येत असतील, तर ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडसारख्या अभिकर्मकाने तिन्ही प्रमाणांचे आणि नमुन्याचे जातक (डेरिव्हेटिव्ह) तयार करून पुन्हा चालवा. एफटीआयआरमध्येही वलयाच्या पट्ट्यांत तिघं वेगळे दिसतात. शंका राहिलीच तर एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन दाखवणारं तंत्र. चौथ्या स्थानी मेथिल असेल तर वलयाच्या चार हायड्रोजनांच्या नीटस दोन जोड्या पडतात, तिसऱ्या स्थानी असेल तर ती सममिती मोडते.

चालवण्याचा क्रम असा ठेवा: सकाळी यंत्राचं ट्यूनिंग पीएफटीबीए या ठरावीक द्रव्यावर, ६९, २१९ आणि ५०२ च्या रेघा जागच्या जागी आहेत ना ते पाहून. मग द्रावकाचं ब्लँक, प्रमाण पदार्थ, पुन्हा ब्लँक, नमुना, ब्लँक, नमुन्याची दुसरी तयारी, आणि शेवटी पुन्हा प्रमाण. प्रत्येक नमुन्याआधीचं ब्लँक स्वच्छ असल्याचं छापील चित्र फाइलमध्ये असलंच पाहिजे. आधीच्या तीव्र नमुन्याचा माग पुढच्यात उतरतो, आणि मग निरपराध पिठात मेफेड्रोन सापडतं. प्रमाण आणि नमुना साधारण सारख्या तीव्रतेचे ठेवा. एक फारच तीव्र असेल तर शिखर वाकडं होऊन वेळ सरकते.

कॅथिनोनची आणखी एक खोड आहे. इंजेक्टर फार गरम किंवा लायनर मळलेला असेल तर ते तिथेच मोडतात, आणि दोन हायड्रोजन गमावलेला पदार्थ वेगळं शिखर म्हणून दिसतो. तो नमुन्यातला दुसरा अमली पदार्थ समजू नका. प्रमाण पदार्थातही तो दिसतो का ते बघा. अल्कधर्मी द्रावणातही हे पदार्थ टिकत नाहीत. अमोनिया घालून निष्कर्षण केलं तर लगेच इंजेक्ट करा, द्रावण रात्रभर टेबलावर ठेवून घरी जाऊ नका. मूळ द्रावण आम्लयुक्त आणि थंड ठेवा.

पुरेसं कधी म्हणायचं

स्वगड्रग या आंतरराष्ट्रीय कार्यगटाची वर्गवारी इथे कामी येते. अवरक्त, वस्तुमान, रामन, एनएमआर आणि क्ष-किरण विवर्तन ही ‘अ’ वर्गाची तंत्रं. जीसी, एलसी, टीएलसी, पूर्ण अतिनील वर्णपट ही ‘ब’. रंगचाचण्या ‘क’. ‘अ’ मधलं एक वापरलं तरी सोबत दुसरं एक तंत्र हवंच. ‘अ’ नसेल तर किमान तीन तंत्रं हवीत आणि त्यांतली दोन ‘ब’ वर्गातली, एकमेकांवर अवलंबून नसलेली. ही किमान अट आहे. मेफेड्रोनसाठी मी स्वतः एफटीआयआर, तिन्ही भावंडांसह जीसी-एमएस आणि टीएलसी एवढ्याच्या खाली येणार नाही. शिवाय शक्यतो दोन वेगवेगळ्या उपनमुन्यांवर, म्हणजे बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर ती तिथेच कळते.

शुद्धतेचं प्रमाण मोजायचं का?

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलं की मात्रा ठरवताना भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. त्यामुळे शुद्धता किती टक्के यावर कलम बदलत नाही. तरीही एचपीएलसी या द्रव क्रोमॅटोग्राफीवर डायोड अ‍ॅरे या अतिनील शोधकाने शुद्धता मोजावी असं मला वाटतं, कारण एकाच कारखान्यातून निघालेला माल जोडायला ती मदत करते. मेफेड्रोनचं अतिनील शिखर २६० नॅनोमीटरच्या थोडं पुढे येतं, एमडीएमएची २३४ आणि २८५ ला, म्हणजे ओळखीलाही एक आधार मिळतो. अहवालात शुद्धता आम्लारीच्या (फ्री बेस) रूपात दिली की हायड्रोक्लोराइडच्या, हे स्पष्ट लिहा. हायड्रोक्लोराइडचं रेणुवस्तुमान २१३.७ आणि आम्लारीचं १७७.२, त्यामुळे अगदी शुद्ध क्षारातही आम्लारी ८३ टक्क्यांच्या आसपासच भरते. हा फरक न लिहिल्यामुळे दोन प्रयोगशाळांचे बरोबर असलेले आकडे एकमेकांविरुद्ध वाचले जातात.

बाकीच्या पदार्थांची पद्धत फारशी वेगळी नाही. केटामिन २०११ पासून आणि ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएसखाली आहेत; दोन्ही जीसी-एमएसवर सहज ओळखू येतात. कृत्रिम कॅनाबिनॉइड वाळक्या पाल्यावर फवारलेले असतात आणि फवारा कधीच सारखा नसतो, म्हणून वेगवेगळ्या जागचा पाला घेऊन मिथेनॉलमध्ये काढा. पाल्यात गांजा नाही म्हणून काहीच नाही, असं समजू नका.

अहवाल

जे सिद्ध झालं तेवढंच लिहा. ‘नमुना क्र. अमुकमध्ये मेफेड्रोन, म्हणजे ४-मेथिलमेथकॅथिनोन, आढळलं’, आणि खाली कोणकोणत्या तंत्रांनी. तीन भावंडं वेगळी करता आली नसतील तर ‘मेथिलमेथकॅथिनोन, मेथिल गटाचं स्थान निश्चित करता आलं नाही’ असं लिहा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. ‘एमडी’ हा शब्द अहवालात फक्त पोलिसांच्या मजकुराचा उल्लेख करतानाच यावा. मात्रा अल्प की कमर्शियल, गुन्हा कोणत्या कलमाखाली, हे लिहिणं तुमचं काम नाही. अनुसूचीत नसलेला नवा पदार्थ निघाला तर त्याचं रासायनिक नाव आणि रचना द्या. गुन्ह्याच्या तारखेला तो अधिसूचित होता की नाही हे कोर्ट पाहील.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मुळे शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल साक्षीशिवायही पुराव्यात घेता येतो, पण कोर्ट तुम्हाला बोलावू शकतं. बोलावलं तर तेव्हा तुमच्या आठवणीचा काही उपयोग नाही, फाइलचा आहे. तिच्यात तराजूची नोंद, ब्लँकची चित्रं, प्रमाण पदार्थाचा बॅच क्रमांक आणि मुदत, यंत्राचं ट्यूनिंग, हाताने लिहिलेली निरीक्षणं त्या-त्या वेळच्या तारखेसह असावीत. खोडायचं असेल तर एक रेघ मारून शेजारी सही, व्हाइटनर अजिबात नको. यंत्रातली मूळ डेटा फाइल नाव न बदलता जपून ठेवा. छापील कागद हरवला तर पुन्हा छापता येतो. उरलेला नमुना प्रयोगशाळेच्या मोहोरेने बंद करा, विश्लेषणात किती खर्च झाला आणि किती उरला ते मिलिग्रॅममध्ये अहवालात लिहा, आणि पावती घेऊनच पोलीस ठाण्याच्या माणसाकडे सोपवा.